नऊ नंबरचं उत्तर

आळेफाट्याच्या स्टँडवर एका कंडक्टरनं शेठना भर बाजारच्या दिवशी गाडीतून खाली उतरवलं होतं. शेठ "बेल्हे, एक" म्हणाले, कंडक्टरनं तिकीट फाडून हातात ठेवलं, तरी शेठ दारातच उभे. मागं माणसांची रेटारेटी चाललेली.

"आवं सरका की म्होरं," कंडक्टर म्हणाला.

"तुम्ही 'ऐकलं' म्हणाला नाहीत."

"तिकीट दिलंय की राव!"

"तिकीट दिलंत. पण 'ऐकलं' म्हणाला नाहीत."

मग व्हायचं ते झालं. शेठ पुढच्या गाडीनं गेले. त्या गाडीचा कंडक्टर ओळखीचा होता, त्यामुळे त्यानं शेठना लांबून बघूनच "ऐकलं, ऐकलं, बसा" असा ओरडा केला.

हा किस्सा शेठ स्वतःच सांगायचे, आणि तक्रार म्हणून सांगायचे. आम्ही हसायला लागलो की आमच्याकडे टकामका बघत राहायचे. यात हसण्यासारखं काय आहे हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. कळलं असतं तर ते शेठ राहिले नसते.

'शेठ' हे नुसतं म्हणायला. त्यांचे पूर्वज कधीतरी राजस्थानातून येऊन बेल्ह्यात स्थिरावले होते, आणि घरचं दुकान बैलबाजाराच्या जिवावर चालायचं. दावी, वेसणी, घुंगरं, गोंडे. ते दुकान भाऊ बघत. हे मात्र लहानपणापासून तारांच्या नादी लागलेले. रेडिओ दुरुस्त करता करता कुठल्यातरी कारखान्यात शिरले, तिथं पीएलसी शिकले, आणि पुढं आमच्या पाणीयोजनेच्या ठेकेदाराकडे लागले. गल्ल्यावर ते कधी बसले नाहीत. तरी मारवाड्याचं पोर म्हटलं की आपल्याकडे त्याचा शेठ होतोच.

मी डिप्लोमा करून घोड नदीच्या काठच्या त्या पंपहाउसवर नोकरीला लागले तेव्हा नव्वदचं दशक सरत आलं होतं. योजना तशी साधी होती. नदीतलं पाणी पंपांनी डोंगरावरच्या टाक्यांत चढवायचं, आणि टाक्यांतून ते आपल्या पायांनी गावोगाव उतरायचं. प्रत्येक टाकीपाशी एक लोखंडी पेटी. पेटीत पीएलसी, म्हणजे टाकीत पाणी किती आहे ते बघून ठरलेली कामं करणारा एक लहानसा संगणक. त्याच्या शेजारी मोडेम, आणि मोडेमला टेलिफोनची तार. पंपहाउसमधली मोठी पेटी दिवसभर आळीपाळीनं एकेका टाकीला फोन लावायची आणि विचारायची, पाणी किती? व्हॉल्व्ह उघडा का बंद? आणि शेवटी, माणूस आत आहे का?

हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. डोंगरावरच्या टाक्या विहिरीसारख्या अरुंद आणि खोल होत्या. गाळ काढायला माणूस दोरावरून आत उतरायचा. तो आत असताना खालून पंप सुरू झाला तर छातीएवढ्या पाइपाच्या तोंडातून लोंढा यायचा, आणि मग दोर धरायलाही हात मोकळा राहायचा नाही. म्हणून प्रत्येक पेटीवर एक किल्ली होती. उतरण्याआधी ती फिरवायची. टाकीची पेटी खाली कळवायची, 'माणूस आत', पंपहाउसच्या पॅनेलवर त्या टाकीचा पिवळा दिवा लागायचा, आणि मग ब्रह्मदेव आला तरी पंप सुरू व्हायचा नाही.

शेठ या पेट्यांना अहो-जाहो करायचे. "अहो पाच, काय झालं तुम्हाला?" असं हळू आवाजात म्हणत ते लाइनमन लोकांचा चिमटेवाला फोन तारेला लावून डोळे मिटायचे. मोडेमची ती किरकिर मला सगळीकडे सारखीच वाटायची. त्यांना मात्र प्रत्येकाचा आवाज ओळखू यायचा. "पाच नंबरना सर्दी झालीय" म्हणाले की समजायचं, त्या बाजूच्या तारेच्या जोडात पाणी गेलंय. जाऊन बघावं तर खरंच गेलेलं असायचं.

त्यांच्या बाकीच्या तऱ्हा सांगायच्या तर दिवस पुरायचा नाही. सूर्य मावळायच्या आत जेवायचं हे जैनांच्या घरचं वळण, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण एवढ्या गावांना पाणी पुरवणारा हा माणूस स्वतः त्याच योजनेचं पाणी पांढऱ्या फडक्यातून गाळून प्यायचा, आणि गाळलेलं फडकं परत नदीत नेऊन हलवायचा. मी एकदा म्हटलं, "शेठ, तुमचाच तुमच्या पाण्यावर विश्वास नाही." ते म्हणाले, "ऐकलं." बस्स. पटलं का नाही, राग आला का नाही, काही नाही. ऐकलं.

मला निरोपांचं कोष्टक भरायला त्यांनीच शिकवलं. दोन पेट्यांना एकमेकींशी बोलायला लावायचं तर आधी सगळं लिहून द्यावं लागतं. कुणाला फोन लावायचा, काय विचारायचं, आलेलं उत्तर कुठं ठेवायचं, किती वेळ वाट बघायची. सगळ्यात शेवटी एक रकाना असायचा, उत्तर आलं नाही तर काय करायचं?

"हा रकाना सगळे रिकामा सोडतात," शेठ म्हणाले.

"सोडला तर काय होतं?"

"पेटी जुनं उत्तर धरून बसते. मघाशी काय म्हणाला होता, तेच आताही म्हणतोय असं समजते." मग म्हणाले, "बेल्ह्याच्या बाजारात या एकदा. बैलाचा सौदा रुमालाखाली होतो. तोंडानं कुणी बोलत नाही. मी तुमची बोटं दाबली, तर तुम्ही माझी परत दाबली पाहिजेत. नाही दाबली तर सौदा नाही. मागच्या बाजारी यानं दाबली होती म्हणून आजही दाबली असतील, असं धरून कुणी बैल सोडून नेतं का? जनावरांच्या बाजारात कळतं ते मला पेटीपुढं कळलं नाही."

हे शेवटचं वाक्य त्यांनी स्वतःबद्दल उच्चारलं होतं. पण मला ते समजायला अजून वेळ होता.

पॅनेलवर प्रत्येक टाकीचा एक लाल दिवाही होता. टाकीनं फोन घेतला नाही की तो उघडझाप करायचा. मग पॅनेलवर बसलेल्या माणसानं त्याच्याखालचं काळं बटण दाबायचं, म्हणजे 'तक्रार पोचली, बघतो.' बटण दाबलं की उघडझाप थांबून दिवा नुसता लागून राहायचा, आणि टाकी पुन्हा बोलायला लागली की विझायचा. त्या बटणाला आम्ही 'ऐकलंचं बटण' म्हणायचो.

नऊ नंबरचा लाल दिवा कायम उघडझाप करायचा. मी लागले तेव्हापासून, दिवसभर, डोळ्यांसमोर. पहिल्याच आठवड्यात मी काळं बटण दाबायला हात पुढं केला तर पंप चालवणारे बबनराव धावत आले. "ते नका दाबू म्याडम! शेठला चालत न्हाई." मग मी दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली. दुसऱ्या दिवशी शेठनी ती नखानं हळूहळू सोलून काढली, गोळी करून खिशात घातली, आणि मला एक शब्दही बोलले नाहीत. त्यापेक्षा रागावले असते तर बरं झालं असतं.

"नऊ नंबर हाय कुठं?" बबनराव म्हणाले. "नऊ नंबरला आता काईच न्हाई, म्याडम. टाकी फुटली, बंद केली. पेटीतली यंत्रं काढून नेली. तांब्यासाठी तार चोरली लोकांनी. खांब तेवढं उभं हायेत."

"मग ही पेटी फोन कुणाला लावते?"

बबनराव इकडंतिकडं बघून माझ्या जवळ आले. योजना नवीन असताना, माझ्या येण्याच्या काही वर्षं आधी, नऊ नंबरच्या टाकीत महाळुंगे पडवळचा एक माणूस गाळ काढायला उतरला होता. त्यानं किल्ली फिरवली होती. वरच्या पेटीनं निरोप सोडला होता. पण वळवाच्या पावसात वीज पडून मधे तार तुटली, आणि निरोप खाली आलाच नाही. खालच्या पेटीनं जुनं उत्तर धरलं, टाकी रिकामी, माणूस नाही. आणि पंप सुरू केला.

"त्यानं सांगितलं व्हतं वो," बबनराव म्हणाले. "हितं कुनी ऐकलं न्हाई."

तो शेवटचा रकाना शेठनी रिकामा सोडला होता.

त्यानंतर सगळ्या पेट्यांना नवा नियम लागला. उत्तर नाही, तर पंप नाही. त्यातून एकट्या नऊ नंबरला सूट होती, नाहीतर पंप कधी चाललेच नसते. त्या टाकीला गप्प राहायची परवानगी होती. पण तिचं नाव यादीतून काढायची परवानगी कुणालाच नव्हती. रोज प्रत्येक फेरीत, आठ झाले की मोठी पेटी नऊला फोन लावायची.

आणि मोडेमच्या बारक्या स्पीकरमधून घंटी ऐकू यायची. हे मला फार विचित्र वाटायचं. शेठ म्हणायचे, त्यात काही नाही, तार तुटलेली असली तरी घंटीचा आवाज एक्स्चेंजमधून येतो, पलीकडे कुणी असायची गरज नसते. हे खरंच आहे, पुस्तकात आहे. पण ते स्वतः मात्र दुपारच्या फेरीला चिमटेवाला फोन लावून ती घंटी पार थांबेपर्यंत ऐकायचे, आणि ऐकताना उभे राहायचे. नऊ नंबरपुढं मी त्यांना कधी बसलेलं पाहिलं नाही.

एकदा उन्हाळ्यात त्यांनी फोन माझ्या कानाला लावला. "बघा बरं. आज जवळून वाजतेय का?"

मी म्हणाले, नेहमीसारखीच आहे. नेहमीसारखीच होती. फक्त दोन घंट्यांच्या मधल्या जागेत, खूप आत, पाण्याचा थेंब पाण्यात पडावा तसा आवाज आला. मग पुन्हा आला. मी फोन त्यांच्या हातात दिला आणि बाहेर जाऊन उन्हात उभी राहिले.

भाद्रपदात संवत्सरीचा दिवस येतो. जैन लोक त्या दिवशी सगळ्यांची क्षमा मागतात. शेठ निरंकार उपास करून पंपहाउसवर यायचे, आम्हा सगळ्यांना हात जोडून "मिच्छामि दुक्कडम्" म्हणायचे, आणि मग पॅनेलपुढं उभे राहून एकेका टाकीला तोच निरोप धाडायचे. पेट्यांना कुठली अक्षरं कळतात, त्यांना आकडे कळतात. म्हणून शेठनी त्यासाठी एक आकडा ठरवला होता आणि प्रत्येक पेटीत त्याच्यापुरती एक जागा राखून ठेवली होती. पेटीनं तो आकडा घ्यायचा आणि तसाच परत पाठवायचा, म्हणजे क्षमा केली. एक, दोन, तीन, चार, सगळ्या करायच्या. बबनराव मला डोळ्यानं खुणावून हसायचे. मीही हसायचे. नऊ नंबरची पाळी आली की मात्र आम्ही दोघंही हसायचं थांबायचो.

घंटी. घंटी. घंटी. मग लाल दिवा.

तिथून ते एसटीनं महाळुंग्याला जायचे, टाकीत बुडालेल्या त्या माणसाच्या बायकोकडे. एका वर्षी त्यांना चक्कर येत होती म्हणून मी सोबत गेले. ती ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा निवडत बसली होती, शेजारी शाळेच्या कपड्यांतला मुलगा. आमच्याकडे बघितलं, उठली, पाण्याचा तांब्या आणला, आणि शेठ गाळून पितात हे माहीत असल्यामुळे वर धुतलेलं फडकंही ठेवलं. हे मला अजून विसरता येत नाही. त्या बाईनं त्यांच्यासाठी घरात वेगळं फडकं राखलं होतं.

शेठ हात जोडून उभे. म्हणाले, "माझ्याकडून झालं. क्षमा करा."

ती म्हणाली, "दर वर्साला येता शेठ, आन् दर वर्साला मी त्येच सांगती. माज्याकडं काय मागता? मी का टाकीत व्हते? ज्यानं सांगितलं आन् तुमी ऐकलं न्हाई, त्याला इचारा."

"विचारतो," शेठ म्हणाले. "रोज विचारतो."

"मंग तो काय म्हंतो?"

शेठनी हात जोडलेलेच ठेवले. ती पुन्हा शेंगांकडे वळली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिला खरंच तसं वाटत होतं, की माफी ज्याची त्यानं द्यायची असते. परतीच्या गाडीत मला प्रथमच उमगलं की हा तऱ्हेवाईक माणूस त्या लाल दिव्यापुढं रोज काय मागत उभा असतो. मला फार वाईट वाटलं, आणि थोडी भीतीही वाटली. कारण तो खरोखरच उत्तराची वाट बघत होता.

उत्तर आलं ते त्यानंतर काही वर्षांनी, मे महिन्यात, टळटळीत दुपारी.

सकाळपासून वीज नव्हती. टाक्या कोरड्या, गावागावांतून फोन. वीज आली तशी मोठी पेटी नेहमीच्या फेरीला निघाली. पंप सुरू करण्याआधी सगळ्या टाक्यांना विचारून यायचं, हा तिचा नियम. बबनराव पंपांपाशी तयार उभे. मी पॅनेलवर, आणि शेठ माझ्यामागं. सात, आठ. मग नऊ.

घंटी वाजलीच नाही. सरळ मोडेमची किरकिर ऐकू आली. ती एवढी स्वच्छ होती की तशी बाकीच्या टाक्यांची कधी आली नाही.

नऊ नंबरचा लाल दिवा विझला. तो विझलेला मी तोवर कधी पाहिलाच नव्हता. त्याच्या शेजारचा पिवळा लागला. माणूस आत.

पेटी पुढं गेली. दहा नंबर म्हणाले, माणूस नाही. बाकीचे म्हणाले, माणूस नाही. फेरी संपली आणि पंप काही सुरू झाले नाहीत. नऊ नंबरला गप्प राहायची सूट होती, पण त्यांचं बोलणं कानाआड करायला पेटीला कुणी सांगितलेलं नव्हतं.

ठेकेदाराचा फोन आला. "पाणी का नाही सोडलं?" मी सांगितलं. तो म्हणाला, "नऊ नंबर? अहो ती टाकी आहे कुठं? पेटीला वेड लागलंय. बायपास करा." पेटीला डावलून पंप सुरू करायची ती बायपासची चावी माझ्याच ड्रॉवरमध्ये होती. मी ती काढली. शेठ पुढं आले आणि चावीच्या भोकावर त्यांनी आपला तळहात ठेवला.

"ते सांगतायत," शेठ म्हणाले. "एकदा ऐकलं नव्हतं."

"शेठ, वर कुणी नाही. पेटीत यंत्रच नाही."

"बघून या. मी इथून हलत नाही."

त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा डोंगर चढणं सोपं होतं. बबनरावांच्या एम-एटीवर बसून आम्ही वर गेलो. वाटेतले टेलिफोनचे खांब नुसते उभे, एकावरही तार नाही. गवत जळून पिवळं पडलेलं. नऊ नंबरच्या पेटीचं दार एका बिजागरीवर लोंबत होतं आणि आत कुंभारमाशीनं मातीची घरं केली होती. मोडेमच्या जागी स्क्रूची भोकं तेवढी राहिली होती. टाकीला बाहेरून हातभर भेग गेलेली. मी वर चढून तोंडातून आत वाकून बघितलं. तळ कोरडा, पालापाचोळा. पण त्या तोंडातून माझ्या चेहऱ्यावर गार हवा आली, आणि तिला भरलेल्या टाकीचा असतो तसा ताज्या पाण्याचा वास होता.

"कोनी न्हाई ना?" बबनरावांनी खालून विचारलं.

"कोणी नाही."

मी उतरायला वळले, तेव्हा तिथून खालच्या अंगाला दहा नंबरची टाकी दिसली. नवी, पांढरी. तिच्या पायाशी एक चपलांचा जोड काढून ठेवलेला होता, आणि वर दोर बांधलेला.

बबनराव पळत सुटले. मी त्यांच्यामागं. पेटीवर किल्ली तशीच होती, कुणी फिरवलेली नव्हती. बबनराव टाकीला तोंड लावून ओरडले, "कोन हाय रं आत?"

आतून घुमत आवाज आला, "मी हाय, संतोष! गाळ काढतोय. बाकीची जेवाया गेलीत."

बबनरावांनी किल्ली फिरवली आणि तिथंच मातीत फतकल मारून बसले. ठेकेदारानं नवी माणसं लावली होती, त्यांना किल्लीचं कुणी सांगितलंच नव्हतं. दोरावरून वर येणारा तो तरणाताठा माणूस मी ओळखला. महाळुंग्याच्या ओसरीवर मी त्याला शाळेच्या कपड्यांत पाहिलं होतं. तो तिचा मुलगा होता.

परत आलो तर शेठ होते तिथंच उभे. आम्ही काही सांगायच्या आत त्यांनीच सांगितलं. "दहाचा पिवळा लागला, आणि त्याच क्षणी नऊचा विझला. ते बोलून थांबले." नऊचा लाल दिवा पुन्हा पहिल्यासारखा उघडझाप करत होता.

मी टेलिफोनवाल्यांना गाठलं. ते म्हणाले, तारांची कुठंतरी सरमिसळ झाली असेल. असेल. पण चुकून लागलेल्या फोनवर दुसरं कुठलं यंत्र आमच्या पेट्यांच्या भाषेत बोललं असतं, आणि नेमकं तेच बोललं असतं, हे मला कुणी समजावून दिलं नाही. मी विचारायचं सोडून दिलं.

शेठचं म्हणणं वेगळंच होतं. "हा निरोप आजचा नाही," ते म्हणाले. "तेव्हाचाच आहे. त्यांनी किल्ली फिरवली तेव्हा निघाला होता, मधे अडकला. आज पोचला."

मला वाटलं होतं, आता तरी त्यांच्या मनावरचं ओझं उतरेल. उलट त्यांनी जेवण कमी केलं. दुपारची घंटी ऐकताना भिंतीला हात टेकायला लागले. एकदा मी न राहवून म्हणाले, "शेठ, त्यांनी उत्तर दिलं की. अजून काय पाहिजे?"

"ते उत्तर नव्हतं. त्यांचं सांगायचं राहिलं होतं ते त्यांनी सांगितलं. मी जे विचारलं, त्याला उत्तर नाही आलं."

यावर मी नुसतं "ऐकलं" म्हणाले.

त्या भाद्रपदात संवत्सरीला शेठ आले ते भावाच्या खांद्यावर हात ठेवून. महाळुंग्याला जाण्याचं त्राण नव्हतं, त्यामुळे डोळ्यांत अपराध्यासारखा भाव. हात जोडून झाले, एकेका टाकीला निरोप धाडून झाला, आठांपर्यंत सगळ्यांनी आकडा परत दिला. नऊला घंटी सुरू झाली, आणि बाहेर एम-एटी थांबल्याचा आवाज आला.

संतोष होता, आणि त्याच्यामागं त्याची आई. ज्या जागेतून तिच्या नवऱ्यावर पाणी सोडलं गेलं, तिथं ती कधीही आली नव्हती. दारातच थांबली. पंपांकडे बघितलं. मग आत येऊन पॅनेलपुढं, शेठच्या शेजारी उभी राहिली. घंटी वाजत होती. आम्ही सगळे ती ऐकत होतो. मग ती थांबली.

"काय म्हनला?" तिनं विचारलं.

"काही नाही," शेठ म्हणाले. "उत्तर नाही."

"ह्यो लाल दिवा त्येचाच?"

"हो."

"सारखी उघडझाप का करतोय?"

"त्यांचं कुणी ऐकलं नाही म्हणून. हे काळं बटण दाबलं की थांबतो."

"मंग इतकी वर्सं तुमी का न्हाई दाबलं?"

"मी कसा दाबू?" शेठ म्हणाले. "ज्यानं ऐकलं नाही तो मीच."

उजवा हात तिनं पदराला पुसला. "सरका," म्हणाली. आणि नऊ नंबरचं बटण अंगठ्यानं दाबून धरलं, सोडायचं कधी हे माहीत नसल्यासारखं बराच वेळ.

"त्येनं माजं पोर माज्या हवाली केलं. तुमी त्येचं ऐकलं म्हनून केलं. ऐकलं शेठ तुमी. आता बास."

दिवा विझला नाही. पण त्याची उघडझाप थांबली, आणि तो शांत लागून राहिला. शेठ अजून उभेच होते. संतोषनं मागून स्टूल सरकवलं, आणि नऊ नंबरपुढं शेठ पहिल्यांदा खाली बसले.